रंग कुणाचा, आकार कुणाचा: दृश्य स्मृतीतील सांगड मोजणारा प्रयोग कसा उभारावा

वसतिगृहाच्या खानावळीत कट्ट्यावर चार डबे ठेवलेले आहेत असे समजा: एक उभट, एक पसरट, एक चौकोनी आणि एक अंडाकृती, झाकणे लाल, निळे, पिवळे आणि हिरवे. त्यांच्याकडे क्षणभर पाहून पाठ फिरवली, तर लाल झाकण होते हे आपण छातीठोकपणे सांगतो, चौकोनी डबा होता हेही सांगतो. पण चौकोनी डब्यावर लाल झाकण होते की हिरवे, असे कुणी विचारले की आवाज खाली येतो. रंग आठवतो, आकार आठवतो, आणि कोणता रंग कोणत्या आकाराचा होता हेच नेमके निसटते. पाहिलेली गोष्ट नजरेआड झाल्यावर काही सेकंद ती मनात धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला दृश्य कार्यरत स्मृती म्हणतात, आणि त्या स्मृतीत गुणधर्मांची एकमेकांशी जी जोडणी टिकावी लागते तिला या लेखात मी ‘सांगड’ म्हणणार आहे. पदव्युत्तर मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर, एका सत्रात, ही सांगड मोजणारा प्रयोग कसा उभारता येईल, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

सांगड हा प्रश्नच का पडावा, हे आधी समजून घेतले पाहिजे. मेंदूत रंग, आकार आणि हालचाल यांच्यावर काम करणारे भाग बऱ्याच अंशी वेगवेगळे आहेत, आणि तरीही आपल्याला एकसंध वस्तू दिसते. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी १९८० मध्ये असे मांडले की, एका जागेवर अवधान एकाग्र झाले म्हणजे त्या जागेवरचे गुणधर्म एकत्र बांधले जातात. अवधान विखुरले तर काय होते, हे ट्रीझमन आणि हिलरी श्मिट यांनी १९८२ मध्ये दाखवले: एका अक्षराचा रंग दुसऱ्याच अक्षराला चिकटवून लोक निःशंकपणे सांगतात. आर. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्विक (पॅरायटल) भागांना इजा झाली होती; त्याला १० सेकंद निवांत पाहू दिले तरी रंग आणि अक्षरे यांची अशी खोटी जोडी दिसत असे. हे सारे पाहतानाचे झाले. पाहून झाल्यावर, समोर काहीच नसताना, सांगड कितपत टिकते, हा आपल्या प्रयोगाचा विषय आहे.

पायरी १: प्रश्न नेमका ठरवा

या क्षेत्रातला पायाभूत प्रयोग स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांचा, १९९७ मधला. त्यांनी रंगीत चौकोन १०० मिलिसेकंद दाखवले, ९०० मिलिसेकंद स्क्रीन रिकामी ठेवली आणि मग पुन्हा चौकोन दाखवून ‘काही बदलले का?’ असे विचारले. तीन चौकोनांपर्यंत उत्तरे जवळजवळ अचूक आली. चारपासून पुढे बारापर्यंत ती घसरत गेली. खरी खळबळ पुढच्या निष्कर्षाने उडवली. रंग, कल, लांबी आणि मधली फट असे चार गुणधर्म असलेल्या चार पट्ट्या, म्हणजे एकूण १६ गुणधर्म, लोकांनी एकेरी गुणधर्मांच्या चार पट्ट्यांइतक्याच चांगल्या लक्षात ठेवल्या. यावरून दृश्य स्मृती गुणधर्म मोजत नाही, वस्तू मोजते, असा अर्थ काढला गेला.

हा अर्थ जितका आकर्षक आहे तितका तो पक्का नाही, आणि तुमच्या प्रयोगाची सगळी मेख इथेच आहे. रंगांसाठी एक कप्पा, आकारांसाठी दुसरा कप्पा, आणि प्रत्येक कप्प्याची क्षमता स्वतंत्र, अशी रचना असली तरी हाच निकाल येऊ शकतो. आधी नसलेला जांभळा रंग चाचणीच्या वेळी समोर आला, तर ‘जांभळा नव्हता’ एवढे आठवले तरी उत्तर बरोबर येते; तो कोणत्या आकारावर आला याच्याशी उत्तराचा संबंधच नसतो. म्हणून नवा गुणधर्म आणणारा बदल सांगड मोजत नाही. सांगड मोजायची असेल तर सगळे गुणधर्म जुनेच ठेवून फक्त त्यांच्या जोड्या मोडाव्या लागतात.

पायरी २: साहित्य निवडा

आठ रंग आणि आठ आकार पुरतात. रंग लाल, हिरवा, निळा, पिवळा, जांभळा, आकाशी, पांढरा आणि तपकिरी असे घ्यावेत आणि पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवावी. केशरी टाळावा, कारण जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर तो लालाशी भांडतो आणि मग तुम्ही स्मृती मोजताय की दृष्टी, हेच कळेनासे होते. आकार वर्तुळ, त्रिकोण, चांदणी, बाण, अधिक चिन्ह, अर्धवर्तुळ, बदाम आणि षटकोन असे चालतील. त्यांचे क्षेत्रफळ साधारण सारखे असावे, नाहीतर मोठा आकार उगाच नजरेत भरतो. प्रयोग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सहभागी व्यक्तीला इशिहाराच्या तक्त्यांनी रंगांधळेपणासाठी तपासून घ्यावे.

प्रत्येक फेरीत चार वस्तू दाखवाव्यात आणि एका फेरीत कोणताही रंग किंवा आकार दोनदा येऊ देऊ नये. हा नियम मी ठळक शाईत लिहून भिंतीवर लावण्याच्या मताचा आहे. पहिल्या वर्षी आमच्याच प्रकल्पात रंग आणि आकार दरवेळी संपूर्ण यादीतून नव्याने निवडले जात होते, त्यामुळे एखाद्या फेरीत निळे वर्तुळ आणि लाल वर्तुळ दोन्ही येत. मग लाल त्रिकोणाचा रंग आणि निळ्या वर्तुळाचा आकार घेऊन प्रोग्रॅमने ‘मोडलेली जोडी’ म्हणून लाल वर्तुळ दाखवले, आणि ते तर खरोखरच पडद्यावर होऊन गेलेले होते. सहभागी बरोबर उत्तर देत होते आणि आमचा प्रोग्रॅम त्यांना चूक ठरवत होता. हे लक्षात येईपर्यंत अकरा जणांची माहिती गोळा झाली होती; ती सगळी टाकून द्यावी लागली.

पायरी ३: एका फेरीचा आराखडा

नॉटिंगहॅम विद्यापीठात जोनाथन पिअर्स यांनी सुरू केलेले सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. त्यात वेळ मिलिसेकंदांत देण्याऐवजी फ्रेममध्ये द्यावी. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होत असेल, तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि स्क्रीन अर्ध्या फ्रेमवर थांबू शकत नाही. नजर स्थिर ठेवण्यासाठी आधी दाखवायच्या मध्यबिंदूसाठी ३० फ्रेम म्हणजे ५०० मिलिसेकंद, चार वस्तूंसाठी १५ फ्रेम म्हणजे २५० मिलिसेकंद, आणि रिकाम्या स्क्रीनसाठी ५४ फ्रेम म्हणजे ९०० मिलिसेकंद असा हिशेब ठेवावा.

रिकामा काळ कमी करण्याचा मोह आवरावा. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये दाखवले की, दृश्य गेल्यावर त्याची जवळपास पूर्ण प्रतिमा अगदी थोडा वेळ रेंगाळते आणि झपाट्याने विरते. मध्यंतर फारच लहान असेल तर सहभागी व्यक्ती त्या रेंगाळलेल्या प्रतिमेवरून उत्तर देते आणि तुम्हाला वाटते की स्मृती उत्तम आहे.

आता एक फेरी जवळून पाहू. मध्यबिंदूभोवती चार कोपऱ्यांत लाल त्रिकोण, निळे वर्तुळ, पिवळी चांदणी आणि हिरवा बाण दिसतात आणि पाव सेकंदात नाहीसे होतात. करडी स्क्रीन. मग अगदी मधोमध एकच वस्तू येते: निळी चांदणी. तिला प्रोब म्हणतात. निळा होता का? होता. चांदणी होती का? होती. रंगांचा कप्पा ‘हो’ म्हणतो, आकारांचा कप्पाही ‘हो’ म्हणतो, आणि तरी बरोबर उत्तर ‘नाही’ हे आहे. हे ‘नाही’ फक्त सांगडीतूनच येऊ शकते. दुसऱ्या एखाद्या फेरीत त्याच जागी पिवळी चांदणी आली असती, तर उत्तर ‘हो’ असते. प्रोब मधोमध ठेवण्याचे कारण असे की, तो मूळ कोपऱ्यात ठेवला तर ‘त्या कोपऱ्यात निळा नव्हता’ एवढ्यावर, म्हणजे रंग आणि जागा यांच्या जोडीवर, उत्तर देता येते; आकार लक्षात असण्याची गरजच उरत नाही.

पायरी ४: तीन ब्लॉक

सांगडीचा निकाल एकटा निरर्थक असतो. त्याला तुलनेसाठी आधार लागतो. म्हणून तीन ब्लॉक, म्हणजे फेऱ्यांचे तीन गट, करावेत. तिन्हींमध्ये आधी दिसणाऱ्या चार वस्तू त्याच पद्धतीच्या असाव्यात, फक्त प्रश्न बदलावा. रंगाच्या ब्लॉकमध्ये प्रोब म्हणजे वेडावाकडा रंगीत ठिपका, आणि प्रश्न ‘हा रंग होता का?’ असा. आकाराच्या ब्लॉकमध्ये प्रोब म्हणजे काळ्या रेषेने काढलेला आकार. ‘नाही’ उत्तराच्या फेऱ्यांत या दोन ब्लॉकमधला गुणधर्म उरलेल्या चारांतून घ्यायचा. तिसरा ब्लॉक सांगडीचा, वर दाखवल्याप्रमाणे.

प्रत्येक ब्लॉकमध्ये ६४ फेऱ्या ठेवाव्यात, निम्म्या ‘हो’ आणि निम्म्या ‘नाही’. एकूण १९२ फेऱ्या सुमारे पंधरा मिनिटांत होतात आणि मध्ये दोन विश्रांती घेता येतात. तीन ब्लॉकचे क्रम सहा होतात, म्हणून सहभागी व्यक्तींची संख्या सहाच्या पटीत घ्यावी. मध्यम आकाराचा फरक ८० टक्के संभाव्यतेने पकडायचा असेल तर एकाच गटाच्या दोन स्थितींमधील तुलनेला ३४ जण लागतात. त्यामुळे ३६ ही संख्या दोन्ही अटींत बसते. बारा-पंधरा जणांवर प्रकल्प उरकून ‘फरक आढळला नाही’ असे लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, ती सोडलेली बरी.

पायरी ५: तोंड गुंतवून ठेवा

ही पायरी सर्रास गाळली जाते. चार वस्तू दिसताच हुशार विद्यार्थी मनातल्या मनात ‘लाल त्रिकोण, निळे वर्तुळ’ असे पुटपुटू लागतो, आणि मग मोजली जाते ती शब्दांची स्मृती. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: फेरी सुरू झाल्यापासून प्रोब येईपर्यंत सहभागी व्यक्तीने एखादा निरर्थक किंवा असंबद्ध शब्द, उदाहरणार्थ ‘कमळ, कमळ, कमळ’, सेकंदाला दोनदा या वेगाने मोठ्याने म्हणत राहावे. खोलीत तुम्ही बसलेले असाल तरच तो म्हटला जातो, हा अनुभव आहे. तुम्ही बाहेर गेलात की दोन मिनिटांत आतून आवाज बंद होतो.

पायरी ६: आकडेमोड

प्रत्येक व्यक्तीसाठी दोन प्रमाणे काढायची: बदल असताना ‘बदल आहे’ (आपल्या प्रयोगात ‘नाही’) म्हटले ते हिट, आणि बदल नसताना ‘बदल आहे’ म्हटले ते फॉल्स अलार्म. यावरून ‘किती वस्तू लक्षात राहिल्या’ हा आकडा, म्हणजे के, काढण्याची दोन सूत्रे प्रसिद्ध आहेत. पूर्ण चित्र पुन्हा दाखवले जाते तेव्हासाठीचे हॅरोल्ड पॅशलर यांचे सूत्र १९८८ मधले आहे. एकच प्रोब त्याच्या मूळ जागी येतो तेव्हासाठीचे सूत्र नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दिले. समजा चार वस्तूंसाठी हिट ०.८५ आणि फॉल्स अलार्म ०.१५ आहे. कोवन यांच्या सूत्राने ४ × (०.८५ − ०.१५) म्हणजे २.८ वस्तू येतात. पॅशलर यांच्या सूत्रात हीच संख्या (१ − ०.१५) ने भागायची असते, म्हणून ३.३ वस्तू येतात. आकडे तेच, माणूस तोच, आणि अर्ध्या वस्तूचा फरक केवळ सूत्रामुळे पडला. यासाठीच चाचणीची रचना न पाहता सूत्र उचलू नये.

आपल्या रचनेत तर प्रोब मधोमध येतो, त्यामुळे या दोहोंपैकी कोणतेच सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. शिवाय सांगडीच्या ब्लॉकमध्ये आणखी एक गुंता आहे: निळी चांदणी खोटी आहे हे ओळखायला निळा रंग वर्तुळावर होता हे आठवले तरी भागते, किंवा चांदणी पिवळी होती हे आठवले तरी भागते. मोडलेल्या जोडीला दोन वस्तूंची साक्ष मिळते, खऱ्या जोडीला एकाच वस्तूची. म्हणून के बाजूला ठेवून डी-प्राइम हे संवेदनशीलतेचे माप वापरावे, ज्यात हिट आणि फॉल्स अलार्म यांची झेड मूल्यांत रूपांतरे करून पहिल्यातून दुसरे वजा करतात. वरच्या उदाहरणात ती मूल्ये १.०४ आणि −१.०४ येतात, म्हणजे डी-प्राइम साधारण २.०७. एखाद्याने ३२ पैकी ३२ हिट दिले तर झेड मूल्य अनंत होते. त्यासाठी प्रत्येक मोजणीत अर्धा मिळवावा आणि फेऱ्यांच्या संख्येत एक मिळवावा, म्हणजे ३२.५ भागिले ३३. ही दुरुस्ती सगळ्यांना सारखीच लावायची असते, फक्त अडलेल्या व्यक्तीला नाही.

पुढची चाचणी जास्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. तिन्ही ब्लॉकच्या सरासरींची तुलना करून झाल्यावर खरा प्रश्न विचारावा: सांगडीचा गुण हा रंग आणि आकार यांतल्या कमकुवत गुणधर्माच्या गुणापेक्षा खाली आहे का? बहुधा आकार कमकुवत निघतो. आकारच आठवत नसेल तर त्याची रंगाशी जोडी आठवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे सांगड रंगापेक्षा खाली आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पायरी ७: चाचणीचे चित्र बदलून पाहा

वेळ असेल तर हा दुसरा प्रयोग अवश्य करावा, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली यात आहे. मेरी व्हीलर आणि ट्रीझमन यांनी २००२ मध्ये एकाच प्रोबने चाचणी घेतली, तेव्हा सांगड ही कमकुवत गुणधर्माइतकीच चांगली निघाली. पण पूर्ण चित्र पुन्हा दाखवून कुठल्या तरी दोन वस्तूंनी रंगांची अदलाबदल केली आहे का, असे विचारले, तेव्हा सांगड स्पष्टपणे मागे पडली. सांगड बनली होती. पण समोर पुन्हा अनेक वस्तू आल्यावर अवधान विखुरले आणि ती टिकली नाही, असा त्यांचा अर्थ आहे.

पूर्ण चित्राच्या आवृत्तीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. अदलाबदलीत दोन वस्तू बदलतात, म्हणून रंग आणि आकार यांच्या ब्लॉकमध्येही दोनच वस्तूंना नवे गुणधर्म द्यावेत, नाहीतर तुलना विषम होते. दुसरे म्हणजे वस्तूंच्या जागाही बदलाव्यात, अन्यथा जागा आणि रंग यांच्या जोडीवरूनच उत्तर मिळते. इथे रॉबर्ट लोगी, जेम्स ब्रॉकमोल आणि स्नेहलता जसवाल यांचा २०११ मधला अभ्यास उपयोगी पडतो: मध्यंतर लहान असताना जागांची फिरवाफिरव सर्वाधिक त्रासदायक ठरली, आणि मध्यंतर वाढल्यावर तिचा परिणाम उरला नाही. म्हणून या आवृत्तीत रिकामा काळ ९० फ्रेम, म्हणजे १५०० मिलिसेकंद, ठेवावा.

सांगड राखायला अवधान लागते, तर सोबत दुसरे जड काम दिल्यास ती इतर स्मृतीपेक्षा अधिक ढासळायला हवी, असे कुणालाही वाटेल. रिचर्ड ॲलन, ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी २००६ मध्ये लोकांना आकडे उलटे मोजायला लावले. सगळीच स्मृती घसरली, पण सांगड जास्त घसरली नाही. मात्र वस्तू एकामागून एक दाखवल्या, तेव्हा आधीच्या वस्तूंची सांगड नंतरच्या वस्तूंनी विशेष करून पुसली. म्हणजे सांगडीला मनाची सर्वसाधारण ताकद फारशी लागत नाही. नव्याने डोळ्यांसमोर येणाऱ्या वस्तूंपुढे ती हळवी आहे. तुमचा निकाल लिहिताना हा फरक ध्यानात ठेवावा.

पायरी ८: चुकांची जात ओळखा

‘हो-नाही’ उत्तरांतून चूक झाली एवढे कळते, ती कशी झाली हे कळत नाही. त्यासाठी रंगचक्र वापरतात. कल वेगवेगळे असलेल्या तीन-चार रंगीत पट्ट्या दाखवायच्या, मग त्यांतली एक पट्टी रंगाविना दाखवून तिचा रंग चक्रावर बोटाने दाखवायला सांगायचे. चूक अंशांत मोजली जाते. वेईवेई झँग आणि लक यांनी २००८ मध्ये अशा चुकांचे दोन भाग पाडले: आठवणीतला धूसरपणा आणि निव्वळ अंदाज. पॉल बेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिसरा भाग दाखवला, आणि तोच आपल्या कामाचा आहे: पुष्कळदा माणूस अंदाज करत नसतो, तो शेजारच्या पट्टीचा रंग अगदी नेमका सांगत असतो. स्मृती शाबूत, पत्ता चुकलेला.

हे पाहण्यासाठी प्रत्येक उत्तराचे अंतर विचारलेल्या पट्टीपासून काढा, तसेच न विचारलेल्या प्रत्येक पट्टीपासूनही काढा, आणि दुसऱ्या प्रकारच्या अंतरांचा आलेख काढा. उत्तरे केवळ अंदाजाने दिली असतील तर हा आलेख सपाट दिसतो. शून्याजवळ उंचवटा आला तर जोड्या बदलल्या गेल्या आहेत. एका वस्तूचा रंग विसरला तरी तिचा कल आठवू शकतो, हे डॅरिल फोनी आणि जॉर्ज अल्वारेझ यांनी २०११ मध्ये दाखवले. त्यामुळे वस्तू एकतर पूर्ण आठवते नाहीतर पूर्ण निसटते, हे लक आणि व्होगेल यांच्यापासून चालत आलेले चित्र आता मला तरी पटत नाही.

पायरी ९: घरच्या मंडळींना सहभागी करण्याआधी

प्रोग्रॅम तयार झाला की विद्यार्थी तो आधी आजी-आजोबांवर करून पाहतात, आणि तिथे एक धोका आहे. मारिओ पारा, सर्जिओ डेला साला, लोगी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कोलंबियातील आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोषयुक्त जनुक असलेल्या, पण लक्षणे अजून न दिसलेल्या व्यक्तींचीही रंग-आकारांची सांगड कमकुवत आढळली. सर्वसाधारण वार्धक्यात मात्र या सांगडीला खास धक्का बसत नाही, असे ब्रॉकमोल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नोंदवले होते. ही माहिती विद्यार्थ्याच्या हाती पडली की आजीचा गुण कमी आला म्हणून घरात काळजीचे वातावरण व्हायला वेळ लागत नाही. पण तुमची स्क्रीन, तुमचे रंग, खोलीतला प्रकाश, आजीचा मोतीबिंदू आणि लॅपटॉपची सवय नसलेली बोटे, यांपैकी कशानेही गुण खाली येतो, आणि १९२ फेऱ्यांच्या घरगुती चाचणीला निदानाचे कोणतेही मानक नाही. संमतिपत्रात ‘ही वैद्यकीय चाचणी नाही आणि वैयक्तिक गुण सांगितले जाणार नाहीत’ हे वाक्य मराठीत, ठसठशीत अक्षरांत छापावे, आणि प्रयोग संपल्यावर कुणी गुण विचारलाच तर त्याच वाक्यावर बोट ठेवावे.